शून्य म्हणजे गळ्यापर्यंत

१४ मे

डायरी लिहायची शिक्षा झाली आहे. जज्ज नुसता चष्म्यावरून बघत होता, डायरीचं खूळ बर्गबाईंचं. राग आवरायचा वर्ग घेतात त्या. "मिस्टर होफ्टन, राग आला की लिहून काढायचं. कोणी वाचणार नाही, मीसुद्धा नाही." मी म्हटलं, मला राग येतच नाही, तर लिहू काय? बाई माझ्या हातांकडे बघत बसल्या.

झालं होतं ते एवढंच. पेंडीच्या दुकानात क्लेटन फुशारक्या मारत होता की त्याची नवी पिकअप बावीसचं ॲव्हरेज देते. बावीस! एवढं मोठं डिझेलचं धूड, वर कंबरेएवढी चाकं, आणि गॅलनला बावीस मैल. मी शांतपणे विचारलं, हाताने हिशेब केलास की पाटीवर बघितलंस? पाटीवर, म्हणाला. स्टिअरिंगमागे जी आकड्यांची पाटी लुकलुकते तिला आमच्या मोंटानात शेंबडं पोरही खोटारडी म्हणतं. ती गाडी विकणाऱ्याच्या सोयीने बोलते. मी त्याला तसं सांगितलं. तो हसला. माझ्या हातात ट्रेलर अडकवायचा लोखंडी दांडा होता हा योगायोग. त्याच्या कानाला सात टाके.

माझी गाडी रिकामी एकोणीस देते आणि ट्रेलर ओढताना अकरा. एक मैल इकडेतिकडे नाही. टाकीचा काटा कधीचा बंद पडलाय, अर्ध्यावर अडकून बसलाय, पण मला काट्याची गरज नाही. टाकी गळ्यापर्यंत भरायची, डिझेलचा फेस बसू द्यायचा, पुन्हा भरायची, आणि मग मैल मोजणाऱ्या ट्रिप मीटरचं बटण दाबून शून्य करायचं. शून्य म्हणजे गळ्यापर्यंत. हा घरचा कायदा आहे.

लोरेटाने मार्चमध्ये एकदा न भरताच बटण दाबलं होतं. त्याच दिवशी तिचं मनगट मोडलं, गाडीच्या मागच्या फळीवरून पडून. डॉक्टरला तिने तसंच सांगितलं, म्हणजे तसंच झालं.

२ जून

लोरेटा काल माइल्स सिटीला बहिणीकडे जाऊन आली. आयरीनचा खुबा गेलाय म्हणे. जाऊन-येऊन एकशे सत्तर मैल, रिकामी गाडी, म्हणजे नऊ गॅलन. आज अंगणातल्या डिझेल साठवायच्या पांढऱ्या टाकीवरून भरलं तर तेरा गेलं. दोनदा पंपाचा मीटर बघितला. तेरा!

"लोरेटा, चार गॅलन कुठे गेलं?"

"मी प्यायले," ती म्हणाली. भांडी घासत होती, वळलीसुद्धा नाही.

"काही ओढलंस का मागे?"

तेव्हा वळली. "मी काय ओढणार मर्ल? तुला ओढतेय तीस वर्षं, तेवढं पुरे आहे."

मला हसू आलं. जिभेची तिखट आहे माझी बायको. मग लक्षात आलं की हसण्यासारखं काही नाही, चार गॅलन गेलंय. म्हणून एक ताटली भिंतीवर मारली. तिला नाही मारली, भिंतीवर मारली. बर्गबाईंच्या भाषेत ही प्रगती आहे.

कोणीतरी डिझेल चोरतंय. आयरीनच्या दारात गाडी उभी असताना नळी घालून ओढत असणार, किंवा इथेच. इथे असेल तर गॉर्डी. शेजारी तो एकटाच आहे, आणि त्याच्या डोळ्यात माझ्या पांढऱ्या टाकीबद्दल एक प्रकारची हाव मी पाहिली आहे.

९ जून

लोरेटा परत जाऊन आली, परत तेरा. मी दुपारपासून गवताच्या गठ्ठ्यांमागे रायफल घेऊन बसलो. माझ्या रायफली कोर्टाने जमा केल्या, पण गाडीच्या सीटमागची त्यांना ठाऊक नाही.

ऊन तिरपं झाल्यावर गाडीपाशी काहीतरी हललं. मी एकदाच गोळी झाडली. गॉर्डीचं कुत्रं निघालं. तपकिरी, म्हातारं, एका डोळ्याने अधू. टाकीशी नाही, ड्रायव्हरच्या दाराशी शेपटी हलवत उभं होतं, कोणी ओळखीचं उतरेल म्हणून वाट बघावी तसं. आमच्या गाडीशी त्याची कसली ओळख, देव जाणे.

लोरेटा धावत आली. रक्तात गुडघे टेकून बसली आणि त्या कुत्र्याचं नाव घेऊन रडायला लागली. बिस्किट. मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"कुत्र्यांना नावं असतात, मर्ल," ती म्हणाली. "ती हाक मारली की येतात."

तिने एकटीने खड्डा खणला. मनगट अजून पुरतं भरलेलं नाही तिचं. मी फावडं मागितलं तर दिलं नाही. मलाही वाईट वाटलं. एवढं रडायला मी मेल्यावर तरी येईल का तिला, असं मनात आलं.

१९ जून

काल लोरेटा विचारत होती, एका टाकीत गाडी किती जाते? मला बरं वाटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने रस दाखवला. टेबलावर मीठदाणी आणि कप मांडून समजावलं. पस्तीस गॅलनची टाकी. रिकामी असेल तर साडेसहाशे मैलांच्या पुढे. ओढत असेल तर पावणेचारशेच्या आसपास.

"म्हणजे कोणी ओढत गेलं तर तुला कळतंच?"

"मला सगळं कळतं," मी म्हटलं. "गाडी माझ्याशी खोटं बोलत नाही."

"आणि भरलं तर?"

"भरलं की शून्य. मग मागचं काही उरत नाही."

तिने मान डोलावली आणि मीठदाणी उचलून जागेवर ठेवली.

२३ जून

एकोणीस! लोरेटा बहिणीकडे जाऊन आली आणि नऊच गॅलन लागलं. कुत्रं मेल्यावर गॉर्डी घाबरला. गोळीचा आवाज लांबपर्यंत जातो.

लोरेटाला म्हटलं, बघ, चोर सुधारला. म्हणाली, "सगळेच सुधारतात, वेळ लागतो."

५ जुलै

चोवीस!

एकशे सत्तर मैल, सात गॅलन. फेस बसू दिला. पुन्हा भरलं. सात. माझ्या वीस वर्षांच्या जुन्या गाडीने चोवीस दिलं. इंजिनं म्हातारपणी मोकळी होतात असं माझा बाप म्हणायचा, त्याचं कोणी ऐकलं नाही. लोरेटाला अंगणात ओढत नेलं आणि पंपाचा मीटर दाखवला. ती एकदम पांढरी पडली. "जास्त झालं का?" असं विचारलं तिने. जास्त! बायकांना यातलं काही कळत नाही. मी तिला उचलून गरकन फिरवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. अंग लाकडासारखं ताठ केलं होतं तिने.

उद्या पेंडीच्या दुकानात जाणार.

६ जुलै

दोन दात गेले. वरचे.

मी आत गेलो तेव्हा सगळे बसले होते, क्लेटनसुद्धा, कानाचा तो चुरगळलेला तुकडा घेऊन. मी आकडा सांगितला. मग क्लेटन म्हणाला, "हाताने हिशेब केलास की पाटीवर बघितलंस?"

सगळं दुकान हसलं. दुकानदाराची म्हातारी आईसुद्धा.

मी त्याचा गळा धरला, त्याने मला बियाण्याच्या पोत्यांवर आपटलं. पोतं फुटलं आणि आम्ही दोघे गव्हात लोळत होतो. तो खाली आला तेव्हा मी त्याच्या त्याच कानावर गुद्दे घातले, तो वर आला तेव्हा त्याने माझं तोंड फोडलं. तोंडात रक्त, गहू आणि दात. दुकानदाराने बादलीभर पाणी ओतून सोडवलं, कुत्री सोडवतात तसं. पोलिसांना कोणी बोलावलं नाही. क्लेटन म्हणाला, "याला कशाला बोलावता पोलीस, याला डॉक्टर बोलवा."

मी खरं बोलत होतो. आयुष्यात इतकं खरं कधी बोललो नसेन, आणि त्यावरच मार खाल्ला. घरी आल्यावर लोरेटाने बर्फ दिला. तिचा हात थंड होता, बर्फापेक्षा. "माझंच चुकलं," असं काहीतरी पुटपुटली. तिचं काय चुकलं यात? चांगली आहे ती मनाने.

११ ऑगस्ट

पलीकडच्या कुरणात गेलो होतो. तिथे मी सहसा जात नाही. तिकडची जमीन लोरेटाच्या बापाची, तिकडचं बंद घर त्याचं, आणि तिकडे चरणाऱ्या बारा गायी त्याच्या डागाच्या, म्हणजे तापल्या लोखंडाने कातडीवर त्याची खूण उमटवलेल्या. बाप मेल्यावर तो डाग लोरेटाच्या नावावर झाला. बारातल्या पाच उरल्यात.

घराची खिडकी उघडी होती. आत तिच्या आईचा पियानो असायचा. जमिनीवर त्याच्या चार पायांचे चौकोन आहेत, पियानो नाही.

आधी डिझेल, मग गायी, आता पियानो. गॉर्डीच्या घरात पियानो वाजवणारं कोण आहे?

घरी येऊन सांगितलं. लोरेटाने कणकेचे हात पुसले. "कोल्ह्यांनी खाल्ल्या असतील," म्हणाली.

"पियानो?"

"पियानो मी आयरीनला देऊन टाकला, मागच्या वर्षी. विसरलास तू."

मागच्या वर्षी मी बरंच काही विसरलो, हे खरं आहे. पण गायींचं काय? मी तिच्या खांद्याला धरून विचारलं. नीट विचारलं. निळं पडलं ते तिची कातडी पातळ आहे म्हणून.

१ सप्टेंबर

डाव्या हाताने लिहितोय. उजवा मोडला.

सकाळी गाडीचा डिझेल फिल्टर बदलायला काढला. बरणीत ओतला तर लाल. सरबतासारखा लाल.

लाल डिझेल म्हणजे शेतीचं, ट्रॅक्टरचं, बिनकराचं. आमच्या अंगणात लाल टाकीत ते असतं. रस्त्यावरच्या गाडीत त्याचा थेंब सापडला तरी गेलात, म्हणून तर सरकार रंग घालतं. मी जन्मात कधी गाडीत लाल घातलं नाही. म्हणजे कोणीतरी घातलं. चोरत नव्हता तो, घालत होता! म्हणून चोवीस. म्हणून माझे दात गेले.

आणि मला लख्ख दिसलं. गॉर्डीला मला पकडून द्यायचं होतं. मी आत, तो माझ्या कुरणात.

कुंपणापाशी तार ओढत होता. मी त्याच्यासमोर बरणी धरली.

"हे काय आहे?"

त्याने बरणी बघितली. मग माझ्या खांद्यावरून आमच्या घराकडे बघितलं, बराच वेळ. तेव्हाच मला कळलं की तो गुन्हेगार आहे.

"बोल की!"

"घातलं मी," तो म्हणाला. "लाल मी घातलं."

"आणि गायी?"

"गायीपण मीच नेल्या. अजून काय? पियानो? तोही मीच. लिही माझ्या नावावर."

"का?"

"तुझं तोंड आवडत नाही म्हणून."

मी पहिला तडाखा बरणीनेच दिला. काच आणि लाल डिझेल त्याच्या डोळ्यात. तो आंधळ्यासारखा चाचपडत असताना मी कुंपणाचा खुंट उपटला आणि जबड्यावर हाणला. हाडाचा आवाज ओल्या फांदीसारखा नसतो, सुक्या फांदीसारखा असतो. खाली पडल्यावर बुटाने बरगड्या. तो हात वर करत नव्हता. मारणाऱ्याला फार राग येतो समोरचा हात वर करत नसला की. शेवटी गुद्दा मारला तो चुकून खांबावर बसला आणि माझ्या हाताची बोटं मोडली.

लोरेटा मधे आली. तिने माझ्यावर त्याची तार ओढायची पकड उगारली होती. माझ्यावर! पण मारली नाही. तिच्याकडे बघून गॉर्डीने रक्ताच्या तोंडाने "नको" म्हटलं.

तो त्याचा शेवटचा धड शब्द. आता जबडा तारेने बांधलाय म्हणे.

२ सप्टेंबर

शेरीफचा माणूस येऊन गेला. ओळखीचा आहे. "मर्ल, सोमवारी स्वतःहून ये. बेड्या घालायला लावू नकोस मला. आणि तोवर घराबाहेर पडू नकोस."

त्याने लोरेटाला बाजूला घेऊन म्हटलं, तू चल आमच्याबरोबर, आत्ता. मला ऐकू आलं. ती म्हणाली, "सोमवारपर्यंत नको. अजून थोडं राहिलंय."

बघा. असते एखादीची माया.

५ सप्टेंबर

हाताच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी झोप येते. लोरेटा काल बहिणीकडे जाऊन आली, आज पुन्हा गेली होती. आयरीनचं खुब्याचं ऑपरेशन झालं. माझ्या हाताला पंप धरवत नाही, म्हणून तिलाच भरायला सांगितलं. खिडकीतून ओरडून विचारलं, "फेस बसू दिलास का?"

"दिला."

"पुन्हा भरलंस?"

"भरलं."

"शून्य?"

"शून्य."

मी तिला उगाच बोलतो कधीकधी. शिकली ती. रात्री खिम्याचा भाजलेला ठोकळा केला, कांदा घालून, माझ्या आवडीचा. तिने स्वतः खाल्ला नाही, माझ्याकडे बघत बसली. मला वाटतं तुरुंगाच्या विचाराने तिला आत्तापासून भरून येतंय.

६ सप्टेंबर

गाडीतच लिहितोय. दुसरं करण्यासारखं काही नाही.

जेवून झोपलो होतो. उठलो तर कॉफीचं भांडं कोमट होतं आणि कपाट रिकामं. तिचे बूट नाहीत. भिंतीवरचा तिच्या बापाचा डाग डागायचा लोखंडी शिक्का नाही, नुसता खिळा. अंगणातल्या धुळीत लहान गाडीच्या चाकांचे ठसे, आयरीनची ती भिकार डबी. खुब्याचं ऑपरेशन झालेली बाई गाडी कशी चालवते?

मी दुर्बिणीने पलीकडचं कुरण बघितलं. एकही गाय नाही.

तेव्हा मला राग आला. हो, आला. बर्गबाईंसाठी लिहितो, राग आला. स्वयंपाकघरातलं एकही भांडं शाबूत ठेवलं नाही. मग मोडक्या हाताने ट्रेलर अडकवला, गुरांचा, सोळा फुटी. तिला आणायचं तर तिचं सामान आणि गायीही आणाव्या लागणार. यायला तयार झाली नाही तर काय करायचं तेही ठरवलं होतं. ते लिहीत नाही.

मीटर बघितला. शून्य. टाकी गळ्यापर्यंत. ओढत गेलो तरी पावणेचारशे मैल, माइल्स सिटीला जाऊन येऊन पुन्हा तेवढंच उरेल. निघालो.

मातीच्या टेकड्यांत, जिथे फोन लागत नाही आणि पुढे-मागे घर नाही, तिथे गाडी दोनदा खोकली आणि मेली. मीटरवर बेचाळीस.

डिझेल गाडी कोरडी झाली की नळ्यांत हवा शिरते. आता कोणी डबाभर डिझेल आणून दिलं तरी हवा काढल्याशिवाय सुरू होणार नाही, आणि हवा काढायला दोन हात लागतात.

रायफल काढायला सीट पुढे ओढली. रायफल नाही. तिच्या जागी घोंगडी, नीट चौकोनी घडी. पाण्याचा मोठा कॅन. आणि कागदात बांधलेली दोन सँडविच, कालच्या खिम्याच्या ठोकळ्याची, मोहरीची चटणी लावून. कडा कापलेल्या, दात गेल्यापासून मला कडा चावत नाहीत म्हणून.

मघाशी क्लेटन त्याच्या पिकअपमधून इकडून गेला. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात केला. इकडे अडकलेल्यासाठी वैरीही थांबतो, तशी रीतच आहे. त्याने वेग कमी केला, माझ्याकडे नीट बघितलं, स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली, रोज रामराम करतो तशी, आणि गेला. त्याची धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

मग हिशेब केला. सवय आहे.

बेचाळीस मैल, ओढताना अकरा, म्हणजे टाकीत चारच गॅलन होतं. चोरी? गॉर्डी तर दवाखान्यात, तोंडाला तार. मग पस्तीसमधून चार गेलं तर एकतीस. एकतीस गॅलन परवाच्या आणि कालच्या खेपेत जळलं. दोन खेपा, तीनशे चाळीस मैल. तीनशे चाळीस भागिले एकतीस.

अकरा.

परत केला. अकरा.

रिकाम्या गाडीचं एकोणीस असतं. सँडविच, घोंगडी, पाणी, रायफलीची रिकामी जागा आणि अकरा, हे सगळं सीटवर एका ओळीत मांडून बसलोय आणि छातीत काहीतरी उठतंय ते राग नाही. बाईंनी सांगितलं होतं तसं दहापर्यंत मोजलं. दहानंतर अकराच येतं.

आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय की माझा हिशेब चुकला असेल. चुकलाच असणार, डाव्या हाताने केलाय. ती भरायला विसरली, एवढंच. बटण दाबलं आणि भरायला विसरली, मार्चमध्ये विसरली होती तशी.

थंडी वाढतेय. घोंगडी घेतली अंगावर, तिच्या साबणाचा वास आहे. घरी आली की पुन्हा एकदा नीट समजावून सांगेन, न रागावता. आधी गळ्यापर्यंत भरायचं, फेस बसू द्यायचा, पुन्हा भरायचं, आणि मगच शून्य करायचं.